पाहुणा म्हणून जाऊ नकोस

अमळनेर, बुधवार

प्रिय पोरा,

काल फोनवर तू विचारलंस, "नाना, शनिवारी त्या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जाऊन बोलायचं काय?" काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं, मी "बघू" म्हणालो आणि फोन ठेवला. ते "बघू" रात्रभर टोचत राहिलं. शनिवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून या कागदांचे फोटो काढून पाठवतोय. अक्षर सांभाळून घे.

तू माझ्या मेडिकलवर दीड वर्ष काढलंस. काही गिऱ्हाइकं चिठ्ठी चार घड्या घालून आणायची, आठवतं? गर्दी असली की बाजूला सरकायची, मागच्याला "तुम्ही घ्या आधी" म्हणायची, गोळ्या खाकी पाकिटात टाकल्या तरी वर काळी पिशवी मागायची. आणि न विचारता सांगायची, "आमच्या साडूंसाठी आहेत." तीस वर्षं मी काउंटरच्या आतून हे पाहिलं आणि मनातल्या मनात हसलो. मग तुझी काकू गेली, आणि माझी झोपही गेली. मला चिठ्ठीही लागली नाही, रॅक माझंच. जी गोळी चिठ्ठीशिवाय कुणाला देऊ नको म्हणून तुला दटावायचो, तीच मी पाच महिने रोज घेतली. शेवटी जळगावला मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी ती एकदम तोडू दिली नाही, थोडी थोडी करत सोडवली, आणि बाकीचं बोलण्यासाठी एका मॅडमकडे पाठवलं.

म्हणजे औषध देणारा कोण आणि बोलणं ऐकणारी कोण, हा तुझा पहिला घोळ इथेच मिटतो. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस करून पुढे शिकलेला डॉक्टर, तो औषध लिहितो. तू जिच्याकडे चाललास ती मानसशास्त्रज्ञ, ती औषध देत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तिचा नंबर विचार. समुपदेशक म्हणून काम करणाऱ्या प्रत्येकाकडे तसा नंबर नसतो, तेव्हा शिक्षण काय, अनुभव कुठला, स्वतःच्या केसेस कुणा ज्येष्ठाला दाखवून चर्चा करता का, हे विचार. चांगला माणूस रागावत नाही. "तीन सिटिंगमध्ये बरं करतो" म्हणणारा, दुसऱ्या पेशंटचे किस्से सांगणारा, किंवा तुला न विचारता तुझ्या वडिलांना फोन लावणारा भेटला, तर चप्पल घाल आणि जिना उतर.

आता माझी पहिली खेप सांगतो. दुकानांच्या वरचा मजला, छोटी खोली, दोन खुर्च्या समोरासमोर नाही, जरा तिरक्या. टिपॉयवर टिशूचा डबा. घड्याळ अशा भिंतीवर की दोघांनाही दिसावं. मॅडमनी आधी एक कागद वाचायला दिला. फी किती, वेळ किती, भेट रद्द करायची तर किती तास आधी कळवायचं, बोललेलं कुठवर गुप्त राहील. मी मेडिकलवाला, एक्सपायरी वाचल्याशिवाय पट्टी हातात घेत नाही, आणि तो कागद न वाचता सही केली! तू वाच. साधारण पन्नास मिनिटांची बैठक असते. परवडत नसेल तर तिथंच विचार, काही जण फी कमी करतात. बाजारात भाव करतो तसं नको, पण गप्प बसून महिन्याभरात जाणं सोडण्यापेक्षा विचारलेलं बरं.

मग प्रश्न. झोप, भूक, कामात लक्ष, घरात कुणाला असा त्रास होता का, दारू-तंबाखू, आधी काही उपचार. आणि सगळ्याला मी काय म्हणालो? "बरं चाललंय. तसं काही नाही. तुमचं क्लिनिक छान आहे." पोरा, मी तिथं पाहुणा म्हणून गेलो होतो. आपल्याकडे पाहुण्यानं तक्रार करायची नसते, भाजी अळणी असली तरी दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. पन्नास मिनिटं मी त्या बाईंना बरं वाटावं म्हणून बोललो. जिन्यात आलो आणि आठवलं की रात्री अडीचला मी स्वयंपाकघरात उभा असतो आणि दोन कप चहा टाकतो. ते मी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला बसल्या बसल्या ते आधी सांगितलं. तूही तसंच कर. जे निघताना दारात आठवेल, ते फोनमध्ये टिपून ठेव आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू कर. "मला काय बोलावं कळत नाही" हेही बोलणंच आहे. "मागच्या वेळी तुम्ही म्हणालात ते मला लागलं" हे तर जरूर बोल. शुद्ध मराठीची काळजी करू नकोस. मी चाचरत होतो आणि तोंडातून अहिराणी निसटली, "घर खावाले उठस." मॅडम नागपूरकडच्या. त्यांनी मान डोलावली नाही. विचारलं, "कुठली खोली सगळ्यात जास्त?" त्या एका प्रश्नावर मी टिशूचा डबा निम्मा केला.

त्या दिवशी गाडीसाठी स्टेशनवर येऊन बाकावर बसलो आणि डोळ्यांसमोरून गाडी गेली. उठवलंच नाही. काही बैठकींनंतर असं गळून जायला होतं, आधीपेक्षा जास्त बोचतं. हे बिघडलं असं समजू नकोस, पण पुढच्या वेळी सांग. शनिवारी नंतर क्लास लावू नकोस, दोन तास मोकळे ठेव.

एक प्रश्न ती सरळ विचारेल: जीव द्यायचे विचार येतात का? दचकू नकोस. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. येत असतील तर हो म्हण. हो म्हटलं की लगेच पोलीस येतात, असं काही नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयता हा तुझा हक्क म्हणून लिहिलेला आहे. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला खरोखर धोका दिसला, किंवा कोर्टानं मागितलं, तर मात्र तिला बोलावं लागतं. अपवाद कोणते, ते पहिल्याच दिवशी तिच्याकडूनच ऐक. आणि मधल्या एखाद्या रात्री फारच जड झालं तर 14416 लाव. टेलिमानसची सरकारी लाइन आहे, 2022 पासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नाहीतर मला उठव. मी दोनदा रिंग झाली की उचलतो.

जळगाव मोठं वाटतं, पण लग्नसराईत ते मुठीएवढं होतं. एका हळदीला मॅडम समोर आल्या आणि माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करून पुढे गेल्या. मला भारी वाईट वाटलं. दोन दिवस धुमसलो, मग बैठकीत काढलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही हाक मारलीत तर मी बोलेन. मी आधी बोलले तर चार लोक विचारतील ओळख कुठली." मी उगाच धुमसलो होतो. तू हे पहिल्या दिवशीच ठरवून घे.

किती दिवस, ते कुणी आधी नक्की सांगू शकत नाही. सीबीटी नावाची एक पद्धत आहे, तिच्यात विचार वहीत लिहून तपासायचे असतात. बहुधा सहा ते वीस बैठकी लागतात. मी जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या बाजूला लिहायचो: वेळ, काय घडलं, मनात काय आलं, ते कितपत खरं. चार-पाच बैठकींनंतर तुला वाटलं की हिच्याशी जमत नाही, तर तेही तिलाच सांग. ती दुसरं नाव सुचवेल. मी एकदा तसं म्हणालो होतो, मग आमचंच जमलं, पण ते म्हणायला मला आठवडा लागला. खर्च झेपलाच नाही तर धुळे आणि जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, रांग असते एवढंच.

आणि ऑनलाइन घ्यायची वेळ आली तर गावच्या घरात बसून घेऊ नकोस. तुमच्या ओसरीवर खोकलं तरी शेजारची भाभी पाणी आणते. मोटरसायकल काढ, केळीच्या बागेत जा, रेंज आहे का ते आदल्या दिवशी बघून ठेव.

घरी काय सांगू, असंही विचारलं होतंस. आत्ताच सगळं सांगायची गरज नाही. आईला "झोप येत नाही, त्यासाठी एका मॅडमना भेटायला चाललोय" एवढं पुरेल, खोटंही नाही.

रविवारी इकडे ये. आत काय बोललास ते मी विचारणार नाही. भरताची वांगी आणून ठेवतो, कळण्याच्या भाकरी शेजारच्या वहिनी करून देतील. येताना माझं एक काम कर. मॅडमच्या जिन्याखाली चहावाला आहे, त्याचे दहा रुपये माझ्याकडे राहिलेत. गाडी चुकली त्या दिवसाचे. देऊन ये.

तुझा,
नाना