इतिहासाचं पुस्तक घेताना मधलं पान उघडा

ताई, लेकरासाठी इतिहासाची कोणती पुस्तकं घ्यावीत म्हणता, तर पहिल्याच झटक्यात दहा पुस्तकांचा संच मागवू नका. दुकानात मधलंच एखादं पान काढून मोठ्यानं वाचा. तिथं माणसं काही खातात का, भांडतात का, चालून दमतात का? का नुसत्या सनावळ्या आणि 'थोर', 'पराक्रमी' असली विशेषणं? तसं असेल तर चित्रं कितीही झकास असोत, पुस्तक जागेवर ठेवा.

सुरुवात आपल्या मराठवाड्यापासून करा. मुहंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, हे एका ओळीत उरकणारं पुस्तक काय कामाचं? एवढ्या लांब लोक कसे आले, वाटेत त्यांचे काय हाल झाले, हे रंगवून सांगणारं शोधा. मग लेकराला किल्ल्यावर न्या. अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या वळणावळणाच्या भुयारात, शिरलं की शत्रू इथं कसा फसायचा, हे ते आपणच विचारतं. घरी आल्यावर तेच पान पुन्हा मागतं.

निजामाच्या राजवटीतून सुटण्याच्या लढ्याचं, म्हणजे मुक्तिसंग्रामाचं पुस्तक मात्र आधी तुम्ही वाचा. १५ ऑगस्ट १९४७ नंतर आपल्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत का थांबावं लागलं, हे आठ वर्षांच्या पोराला कळतं. रजाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, अत्याचाराची वर्णनं थोडी उशिरा आली तरी चालतील.

ऐतिहासिक कादंबऱ्या खुशाल द्या. फक्त त्यातले संवाद लेखकानं रचलेले असतात, हे सांगून ठेवा. (मोठ्यांनाही सांगावं लागतं, ते सोडा.) खर्च जड जात असेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक रद्दीवाल्याकडं विचारून बघा.