तारीख तुमचीच बरोबर आहे, गुरुजी

प्रश्न : ताई, पाटण तालुक्यातल्या आमच्या शाळेची स्मरणिका निघते आहे. मजकूर तपासायला पुतण्याने एक एआय एजंट लावून दिला. तो एकेक वाक्य इंटरनेटवरच्या पुराव्याशी ताडून 'बरोबर' किंवा 'चूक' ठरवतो आणि चूक वाटली की स्वतःच बदलतो. मी लिहिलं होतं, "११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे धरणामुळे ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला." त्याने ११ चे १० केले, बाकीचं बरोबर म्हणून सोडलं. त्या पहाटे मी आठ वर्षांचा होतो, आईने मला उचलून अंगणात आणलं होतं. मी आठवणीवर विसंबू की यंत्रावर?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : गुरुजी, ११ च ठेवा. एजंटाने कोयनेच्या या भूकंपाची बहुधा जागतिक सूचीतली नोंद उचलली. तिथे वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहितात : १० डिसेंबर, रात्री १०.५१. त्यात आपले साडेपाच तास मिळवले की ११ तारखेच्या पहाटेचे ४.२१ होतात. क्षण एकच, घड्याळं दोन. पुरावा खरा होता, तो वाचताना चूक झाली.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण हीच चूक माझ्या हातून झाली आहे. मी अठ्ठावीस वर्षं मुद्रितशोधन केलं. किल्लारीच्या भूकंपानंतर एका मासिकाची प्रुफं वाचताना समोर परदेशी नोंद होती, म्हणून '३० सप्टेंबर १९९३' मधले ३० खोडून लाल शाईने २९ केले. जुळारी मूळचे लातूरकडचे. ते पान घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "बाई, २९ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक झोपले, त्यानंतरची पहाट ती." छपाईआधी सुधारलं, पण ते पान अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून आधार हातात असेल तरच लाल पेन, नाहीतर समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.

तुमच्या एजंटाकडे ती पेन्सिलच नाही. दोनच शिक्के दिले, की माहीत नसेल तिथेही त्याला एक मारावाच लागतो. २०१८ साली 'फीव्हर' नावाचा १,८५,४४५ विधानांचा संच प्रसिद्ध झाला. यंत्रांनी विकिपीडियाच्या आधारे दावे तपासावेत, यासाठी तो केलेला. त्यातही शिक्के तीन आहेत : आधार मिळतो, खोडला जातो, पुरेशी माहिती नाही. पुतण्याला तिसरा शिक्का घालायला सांगा. पुरावा न मिळणं म्हणजे विधान खोटं ठरणं नव्हे.

तारखेपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती 'धरणामुळे' या शब्दाची, कारण तो बिनबोभाट सुटला. तुमच्या एका वाक्यात तीन दावे आहेत : तारीख, तीव्रता आणि कारण. ते सुटे करूनच तपासायला हवेत. शिवाजीसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरू लागल्यानंतर त्या भागात धक्के जाणवू लागले, एवढाच पुरावा मिळाला तर त्यातून 'नंतर' सिद्ध होतं, 'मुळे' नाही. शास्त्रज्ञ कोयनेचं उदाहरण देतात ते जलाशयाने चालना दिलेल्या भूकंपाचं. खडकात ताण आधीच साठलेला होता, पाण्याच्या भाराने आणि खोल झिरपण्याने तो सुटायला निमित्त मिळालं. म्हणून "जलाशयाच्या पाण्याने चालना मिळून" असं लिहा. शब्द जुळले म्हणून 'बरोबर' म्हणणारा तपासनीस मला चुकीची दुरुस्ती करणाऱ्याइतकाच धोक्याचा वाटतो.

तीव्रता ६.३ पासून ६.६ पर्यंत वेगवेगळी छापलेली दिसते, मोजपट्ट्या निराळ्या असल्याने. 'सुमारे ६.५' करा आणि आकडा कुठून घेतला ते लिहा. एकाच मजकुराच्या दहा नकला सापडल्या तरी पुरावा एकच धरायचा, हेही एजंटाला सांगून ठेवा.

आणि त्याचा मजकूर बदलण्याचा अधिकार आजच काढून घ्या. त्याने तुमचं वाक्य, शेजारी पुराव्याची मूळ ओळ आणि तिथली वेळ कोणत्या घड्याळाची, एवढं मांडावं. पेन तुमच्या हातात राहू द्या.

आईने उचलून अंगणात आणल्याचं लेखात लिहिलं आहे का? नसेल तर घाला. एजंट त्यावर 'पुरेशी माहिती नाही' म्हणेल, आणि ते योग्यच आहे. म्हणून ते गाळू नका. खाली तुमचं नाव असेलच.