हिंदुस्तानी गाणं शिकलोय, स्टाफ नोटेशन येत नाही. अमेरिकेतल्या कम्युनिटी कोरसमध्ये फोरेचं 'रेक्वियम' गायला जमेल का?

जमेल. पहिल्याच खेपेला फोरे हा फ्रेंच संगीतकार वाट्याला आलाय, हे तर उत्तमच.

तुम्ही लिहिलंय की मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्यात, गावातला कोरस ऑडिशनशिवाय घेतोय, कार्यक्रमात फोरेचं 'रेक्वियम' (मृतांच्या शांतीसाठीची लॅटिन प्रार्थना) आणि 'कांतीक द ज्याँ रासीन' आहे, आणि चर्चमध्ये उभं राहून लॅटिन गायचं म्हणजे जरा अवघडल्यासारखं होतंय. मी न्यू इंग्लंडमधल्या अशाच एका कोरसमध्ये बास (पुरुषांचा खालचा आवाज) गातो. त्याआधी पुण्यात ख्याल शिकत होतो, त्यामुळे तुमची शंका माझ्या ओळखीची आहे.

नोटेशनचं फार मनावर घेऊ नका. अशा कोरसमध्ये निवृत्त शिक्षक, नर्स, प्लंबर असे सगळे असतात आणि त्यातले बरेचजण ठिपके वर चाललेत की खाली एवढंच बघून गातात. प्रत्येक आवाजाची सरावाची ध्वनिफीत इंटरनेटवर मिळते. मात्र मोजायला शिका. आपल्याकडे समेवर यायला तबला असतो. इथे अकरा मात्रा गप्प बसून बाराव्या मात्रेला, तेही अगदी हळू, सुरू करायचं असतं आणि ठेका कोणी धरत नाही. पेन्सिल जवळ ठेवा. कंडक्टर काही बोलला आणि तुमची पेन्सिल हलली नाही, तर शेजारची बाई तुमच्याकडे बघते.

खरी अडचण षड्जाची आहे. आपला सा एकदा लागला की बैठक संपेपर्यंत जागचा हलत नाही. फोरेचा सा सतत सरकतो, आणि कधी सरकला ते कळतही नाही. 'आग्नुस देई' या भागात एक जागा येते. सगळे पांढरी एकवर (पेटीची पट्टी) येऊन निवांत थांबतात, कानाला तो सा वाटतो. मग सोप्रानो (वरच्या आवाजाच्या बायका) एकट्याच तोच स्वर 'लुक्स' या शब्दावर धरून ठेवतात, आणि खालची सगळी सुरावट काळी चारवर जाते. स्वर तोच, पण आता तो गंधार झाला. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो आणि पहिल्यांदा गाताना सूर हमखास सुटतो. मनातला तानपुरा त्या क्षणी बंद करावा लागतो. मी तरी अशा जागी सरगम लावायचं सोडून देतो आणि आधी कोणत्या आवाजाने माझा स्वर गायलाय ते शोधून तिथून उचलतो.

मात्र 'ऑफर्टोरी' या भागात तुमचं शिक्षण उपयोगी पडेल. तिथे आल्टो (बायकांचा खालचा आवाज) आणि टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) एकमेकांच्या मागोमाग जातात, वाद्यांचा आधार नावापुरता असतो, आणि बिनपेटीचा समूह असला की सूर हळूहळू उतरतो. कान तयार असलेली दोन-तीन माणसं त्या ओळीत असली तर फरक पडतो. लोक 'पिए येसू' या भागासाठी तिकीट काढतात. मला विचाराल तर या कृतीतली सगळ्यात विलक्षण जागा ही 'ऑफर्टोरी'च आहे.

मींड, कण, मुरकी सगळं दाराबाहेर ठेवायचं. स्वर सरळ, कंप जवळपास नाही, आणि आपला आवाज आपल्याला वेगळा ऐकू आला तर तो जास्त झाला असं समजायचं. ख्याल गाणाऱ्याला हे नोटेशनपेक्षा जड जातं. सुरुवातच बघा ना: वाद्यवृंद पांढरी दोनवर जोरात एक ठोका देतो आणि त्याच्या सावलीत अख्खा कोरस अतिशय हळू 'रेक्वियेम एतेर्नाम' म्हणतो. हळू गाताना दम जास्त लागतो. लांब ओळीत शेजाऱ्यांनी आळीपाळीने श्वास घ्यायचा असतो. सगळ्यांनी एकाच ठिकाणी घेतला तर ओळीला भोक पडतं.

ही रचना अशी मवाळ का, ते समजून घेतलं की गाणं सोपं होतं. पॅरिसच्या माद्लेन चर्चमध्ये 16 जानेवारी 1888 रोजी, एका वास्तुविशारदाच्या अंत्यविधीत, ती पहिल्यांदा गायली गेली. तेव्हा पाचच भाग होते. 'ऑफर्टोरी' आणि 'लिबेरा मे' नंतर जोडले गेले. त्या चर्चमध्ये स्त्रिया गात नसत, वरचे आवाज मुलांचे होते. वाद्यांत व्हायोलिनचा ताफाच नव्हता, 'सांक्तुस'मध्ये तेवढं एकट्या व्हायोलिनचं काम. बाकी भार व्हायोला, चेलो आणि ऑर्गनवर. कयामतीचा थरकाप उडवणारा 'दिएस इरे' (कोपाचा दिवस) हा लांबलचक भाग फोरेने घेतलाच नाही, त्याच्या शेवटच्या ओळींचा 'पिए येसू' केला. व्हेर्दी या इटालियन संगीतकाराच्या रेक्वियममध्ये ढोल अंगावर येतात, तसलं इथे काही नाही. 'लिबेरा मे'मध्ये त्या कोपाचा उल्लेख क्षणभर येतो, बासवाल्यांना जरा मोकळं ओरडायला मिळतं, आणि लगेच सगळं निवतं.

तुमच्या अवघडलेपणाबद्दल. फोरे चर्चचा पगारी ऑर्गनवादक होता, पण भाविक म्हणून त्याची ख्याती नव्हती. आमच्या कोरसमध्ये ज्यू आहेत, नास्तिक आहेत, एक मूळचे वसईचे कॅथलिक आहेत आणि मी आहे. कोणी कोणाला श्रद्धा विचारत नाही. चर्च निवडतात ते आवाजाच्या घुमण्यासाठी आणि बऱ्याचदा भाडं परवडतं म्हणून.

लॅटिन उच्चारांत तुम्ही इंग्रजीवाल्यांच्या पुढे असाल. आपला दंत्य त, द तिथे जसाच्या तसा चालतो आणि मराठी ए, ओ सरळ असतात. अमेरिकन माणसाच्या तोंडी 'दोमिने'चा 'डोमिनेय' होतो आणि कंडक्टर वैतागतो. शब्द देवनागरीत लिहून घ्या: 'इन पारादीसुम देदूकांत ते आंजेली'. हा इटालियन वळणाचा उच्चार झाला. काही कंडक्टर फोरेच्या काळचं फ्रेंच वळणाचं लॅटिन मागतात. त्यात 'लुक्स'मधला उ म्हणताना ओठ ऊचे आणि जीभ ईची ठेवावी लागते.

'कांतीक' तर थेट फ्रेंचमध्ये आहे. फोरेने ते एकोणिसाव्या वर्षी, शाळेतल्या स्पर्धेसाठी लिहिलं आणि पहिलं बक्षीस मिळवलं. शब्द रासीन या फ्रेंच नाटककाराचे, एका लॅटिन स्तोत्रावरून केलेले. पाच-सहा मिनिटांचं काम, काळी एकमध्ये, आणि सुरुवात बासची. बोलताना गिळले जाणारे शेवटचे 'अ' गाताना स्वर दिलेला असेल तिथे म्हणायचे असतात, हे आधी कळलं तर बरं.

आवाजाचा विभाग मात्र नीट ठरवा. टेनर सगळीकडे कमी असतात, त्यामुळे पुरुष दिसला की त्याला तिकडे ढकलायचा मोह होतो. काळी एकच्या तार मध्यमावर हळू आवाजात आरामात थांबता येत असेल तरच हो म्हणा, नाहीतर बासमध्ये या.

पहिल्या तालमीला जायच्या आधी त्यांना एवढंच विचारा की 1893ची लहान वाद्यवृंदाची आवृत्ती आहे की 1900ची मोठी. छोटे कोरस बहुधा पहिली घेतात: वादक कमी, खर्च कमी, आणि हौशी आवाज दबत नाहीत. दोन्हींत तपशिलाचे फरक आहेत, म्हणून भलतंच पुस्तक विकत घेऊ नका. फोरे 1924 साली गेला, त्यामुळे जुन्या छापील प्रती इंटरनेटवर फुकट आहेत. चाळायला त्या पुरतात, पण तालमीत पान क्रमांक जुळायला कोरसचीच प्रत लागेल.