दिवा विझला, तरी फ्यूज का जात नाही?

प्रश्न: आमच्या फाउंड्रीत सँड प्लँटसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर आहे. सेकंडरी ४१५ व्होल्ट, डेल्टा (न्यूट्रल नसलेली त्रिकोणी जोडणी), कुठेही अर्थ केलेली नाही. पावसाळा लागल्यापासून पॅनेलवर प्रत्येक फेज (आर, वाय, बी) ते अर्थ जोडलेल्या तीन दिव्यांपैकी आर फेजचा अधूनमधून विझतो, बाकीचे दोन झगझगतात. मोटरी मात्र व्यवस्थित चालतात. असंच चालू ठेवलं तर?
— एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर: ठेवू नका. आर फेज कुठेतरी मशीनच्या अर्थ केलेल्या बॉडीला टेकतोय. फ्यूज जात नाही, कारण करंटला ट्रान्सफॉर्मरकडे परतायला सरळ वाट नाही. केबलींच्या कपॅसिटन्समधून (वायर आणि जमीन मिळून होणाऱ्या कपॅसिटरमधून) जाईल तेवढाच वाहतो, छोट्या प्लँटमध्ये एखादा अँपिअर किंवा त्याहून कमी. फेज-फेज व्होल्टेज ४१५च राहतं, म्हणून मोटरींना पत्ता नसतो. पण वाय आणि बी फेजचं जमिनीशी व्होल्टेज २४० वरून ४१५ वर गेलेलं असतं. त्यांपैकी एकाचं इन्सुलेशन दुसऱ्या मशीनवर फुटलं, की दोन बॉड्यांमधून फेज-टू-फेज शॉर्ट. दोष लागून-सुटून येतो हे आणखी वाईट: अशा ठिणगीने जमिनीशी व्होल्टेज नेहमीच्या पाच-सहा पट चढू शकतं आणि धडधाकट मोटरी जळतात. ‘अर्थ नाही, मग शॉकही नाही’ हा समज तर आधी सोडा. आर टेकलेला असताना वायला हात लागला, तर अंगावर थेट ४१५ येतात.

शोध व्होल्टमीटरने सुरू करा, तिन्ही फेज ते अर्थ. पक्का दोष असेल तर दोषी फेज शून्याजवळ दिसतो. ओलीने झालेला अर्धवट दोष मात्र फसवतो, कारण सर्वांत कमी वाचन दोषी फेजचंच असेल असं नाही. तेव्हा सर्वांत जास्त व्होल्टेजचा फेज पाहा. क्रमाने त्याच्या पुढचा दोषी. क्रम आर-वाय-बी असेल आणि बी चढला असेल, तर दोष आरवर. आधी फेज-क्रम तपासा, नाहीतर उलट्या दिशेला शोधत बसाल.

मग एकेक फीडर (पॅनेलवरून मशीनकडे जाणारी सप्लाय लाइन) बंद करत दिवे पाहा. इथे बहुतेक जण एक चूक करतात: फीडर बंद केला, दिवा आला नाही, म्हणून लगेच परत चालू केला. एकाच फेजवर दोन फीडरांत दोष असतील तर असा तो कधीच सापडत नाही. बंद केलेला बंदच ठेवा, दिवा येईपर्यंत पुढे चला, मग एकेक चालू करा. मोटर चालू झाल्यावरच दिवा विझत असेल, तर दोष स्टार्टरच्या पुढे आहे.

काम थांबवता येत नसेल तर लीकेज क्लँप मीटर (वायरभोवती पकडून बारीक करंट मोजणारा) वापरा, पण तिन्ही फेज वायर एकत्र पकडून, ग्लँडच्या (केबल शिरते तिथल्या जोडाच्या) आत. आर्मरसकट (केबलवरच्या धातूच्या कवचासकट) केबल पकडली तर आर्मरमधून परतणारा करंट वाचन पुसून टाकतो. चांगल्या फीडरवरही थोडा चार्जिंग करंट दिसतो. दोषी फीडरवर बाकी सगळ्यांचा मिळून दिसतो.

फीडर सापडला की सप्लाय तोडून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावा. ड्राइव्ह आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड आधी सोडवा. वाचन १ मेगाओमखाली असेल तर मोटर चालवू नका. पावसात पहिला संशय टर्मिनल बॉक्सच्या गास्केटवर, उलट्या बसवलेल्या ग्लँडवर आणि क्रेनच्या लोंबत्या केबलवर. आणि दिवे २४० व्होल्टचे असतील तर प्रत्येक फेजला दोन सिरीजमध्ये लावा, दोष आल्यावर एकटा दिवा ४१५ सोसत नाही.

प्रश्न: साखर कारखान्यातल्या ११० व्होल्ट डीसी बॅटरीवर पॉझिटिव्ह ते अर्थ १५ आणि निगेटिव्ह ते अर्थ ९५ व्होल्ट येतात. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर: नाही. दोन्हीकडे साधारण ५५ यायला हवेत. जी बाजू कमी दाखवते तीच जमिनीला टेकलेली, म्हणजे इथे पॉझिटिव्ह. दुसरा दोष ट्रिप कॉइलच्या (ब्रेकर पाडणाऱ्या कॉइलच्या) वायरीवर आला तर ब्रेकर विनाकारण पडेल. निगेटिव्ह बाजूला आला तर फ्यूज उडेल आणि गरजेला ब्रेकर पडणारच नाही. म्हणून फ्यूज काढून शोधताना टर्बाइनच्या ट्रिप सर्किटला चालू हंगामात हात लावू नका, ते शटडाउनला तपासा. आधी बाहेरचे लिमिट स्विच आणि प्रेशर स्विच बघा. बगॅसची धूळ ओली झाली की तिथूनच गळती सुरू होते.