मातीतले काल्पनिक प्राणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दुःख दाखवणारा एक प्राणी मातीत घडवते आहे. उंची फूटभर, धड बकरीचं, पंख घारीचे, चेहरा माणसाचा. पण तो खेळण्यासारखा दिसतो.

उत्तर : सगळं दुःख चेहऱ्यावर टाकलं की असं होतं. आधी चेहरा न करता मुठीएवढे चार-पाच कच्चे नमुने करा आणि दोन मीटरवरून नुसता बाह्याकार पाहा. मान, पाठ आणि पायांवरचा भार यांतून दुःख कळलं, तरच पुढे जा. पंख खांद्याच्या फऱ्यातून निघू द्या, अर्धे मिटलेले ठेवा. एकाचं टोक जमिनीला टेकवलंत तर जडपणा दिसेल आणि भट्टीत आधारही मिळेल.

देवळाच्या उंबरठ्यावरचं कीर्तिमुख नीट पाहा. हा भुकेने व्याकूळ झालेला राक्षस. शिवाच्या आज्ञेने त्याने स्वतःचंच शरीर खाल्लं, उरलं ते तोंड, अशी त्याची कथा. भूक दाखवायला शिल्पकारांनी खपाटीला गेलेलं पोट कोरलं नाही, धडच काढून टाकलं. बहुतेक ठिकाणी खालचा जबडाही नसतो. तुमच्या शिल्पात तीन जीव आहेत. एक कमी करा, असं आम्ही आग्रहाने सांगू.

प्रश्न : वाळताना पंख मुळापाशी तडकतात. आत तार घातली आहे.

उत्तर : तारेमुळेच. माती वाळताना आकसते, तार आकसत नाही. न भाजायच्या शाडूत काथ्या गुंडाळलेली तार चालते, भाजायच्या मातीत नाही. कुंभाराच्या मातीत साधारण पाचवा हिस्सा भाजलेल्या मातीची भरड पूड मळा. आकसणं कमी होतं.

दुसरं कारण, पातळ पंख आधी सुकतात आणि जाड धड ओलंच राहतं. धड बोटाने दबत नाही पण सुरीने कापता येतं, अशा वेळी तारेने चिरून आतून पोखरा. भिंत एक ते दीड सेंटिमीटर ठेवा. जोडाच्या दोन्ही बाजू ओरखडून त्याच मातीचा दाट राबडा लावा आणि दाबून बसवा. तळाला भोक हवंच. पंख प्लास्टिकने झाका, धड उघडं ठेवा. पावसाळ्यात दोन-तीन आठवडे लागतील. गालाला लावून गार लागलं, तर आत पाणी आहे. तसंच भट्टीत घातलंत तर वाफेने फुटेल. शंभर अंश ओलांडेपर्यंत आच अगदी मंद ठेवा, मग हळूहळू साडेनऊशेपर्यंत न्या.