बँकेचं कुलूप आणि क्वांटम संगणक

प्रश्न : क्वांटम संगणक म्हणे एकाच वेळी सगळी उत्तरं तपासतो, त्यामुळे बँकांची सांकेतिक कुलपं फुटणार, असं भाचा छातीठोकपणे सांगतो. ठेवी मोडू का? – निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, ठेवी राहू द्या. भाचा अगदीच हवेत बोलत नाही. मोठ्या संख्येचे अवयव झटपट पाडण्याची क्वांटम रीत पीटर शोर यांनी १९९४ मध्येच मांडली, आणि आरएसए हे सर्रास वापरलं जाणारं सांकेतिक कुलूप ते अवयव पाडण्याच्या अवघडपणावरच उभं आहे. ‘सगळी उत्तरं’ हे मात्र खोटंच. मोजलं की हाती एकच उत्तर येतं. चुकीची उत्तरं आपसांत कटावीत, अशी गणिताची जुळणी लागते, आणि ती मोजक्याच प्रश्नांना जमते.

खरं घोडं अडलंय यंत्रापाशी. गूगल, आयबीएमचे अतिवाहक क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे माहिती साठवणारे मूळ घटक, निरपेक्ष शून्याच्या (सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस) वर अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास थंड ठेवावे लागतात. एवढे लाड करूनही त्यांची अवस्था मायक्रोसेकंदांच्या हिशेबात विस्कटते. मग एका भरवशाच्या क्युबिटमागे शेकडो राबवायचे. गूगलच्या २०२४ च्या ‘विलो’ चिपवर क्युबिट आहेत १०५. २०४८ बिटांचं आरएसए फोडायला लाखांनी लागतील.

शिवाय क्वांटमला पुरून उरतील अशी नवी कुलपं अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये प्रमाणित केलीत. ती तुमच्याकडे कधी बसणार, हे बँकेत जरूर विचारा.