अमेरिकेच्या दक्षिण डकोटा राज्यातल्या कुरणांत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात पाणी वाहून जातं, असं का?

कारण त्या मातीत स्मेक्टाइट हे भिजल्यावर फुगणारं आणि वाळल्यावर आकसणारं खनिज भरपूर आहे. राज्याच्या पश्चिम भागात क्रेटेशियस काळातल्या (डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातल्या) समुद्रतळाचा पिअर शेल, म्हणजे चिखल दाबून बनलेला थरांचा खडक, झिजून ही माती झाली. चिकणकण बहुधा ४० टक्क्यांच्या वरच. वाळलेल्या जमिनीत पहिल्या सरी भेगांतून झरझर आत जातात. माती फुगून भेगा मिटल्या की मुरणं जवळपास थांबतं आणि उरलेलं पाणी उताराला लागतं. जे मुरतं तेही बारीक कण इतकं घट्ट धरतात की ओल दिसते, पण गवताला त्यातली थोडीच मिळते. तिथले लोक या चिकट मातीला ‘गंबो’ म्हणतात. ओली असताना गुरं सोडली तर ती तुडवून दाबली जाते, म्हणून वरचा थर सुकेपर्यंत थांबावं. खाली खडक किती खोलीवर आहे ते मात्र आधी खणून पाहा: ‘पिअर’ याच नावाच्या मातीत शेल ५० सेंमी ते १ मीटरवर लागतो, ‘सॅमसिल’ नावाच्या मातीत ५० सेंमीच्या आतच. आपली काळी माती अशीच वागते, पण ती बसाल्टची. आणि प्रत्येक शेल अशी माती देत नाही; गाळवट, वाळूमिश्रित शेलची माती कमी फुगते.